टाकी रिकामी, गाडी हजर

रिटायर झालेल्या फायरमनला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. आगीत उडी मारताना भीती नाही का वाटायची? आणि झाडावर अडकलेलं मांजर काढायला तुम्ही खरंच जाता का? पहिल्याचं उत्तर असं, की आगीत उडी कोणी मारत नाही. उडीच मारायची असती तर पाइप एवढा लांब कशाला केला असता? दुसऱ्याचं उत्तर, जातो. पण मांजर आमचा बंब बघून आणखी दोन फांद्या वर चढतं, आणि खाली जमलेली पोरं मांजराच्या बाजूनं टाळ्या वाजवतात.

गाडीवर माणसं किती होती, हे मात्र आजवर कोणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगतो.

मी या शहराच्या अग्निशमन दलात लागलो तेव्हा शहर औरंगाबाद होतं, निवृत्त झालो तेव्हा छत्रपती संभाजीनगर. मधल्या काळात आमच्या एका गाडीच्या दारावरचं नाव रंगवून बदललं, दार तेच राहिलं. वळणावर ते उघडू नये म्हणून आतून सुतळीनं बांधून ठेवावं लागायचं. माझा हुद्दा लीडिंग फायरमन. ऐकायला भारी वाटतं. अर्थ एवढाच, की आगीपुढं माणसांना घेऊन जायचं आणि साहेबांपुढं शिव्या खायलाही आपणच पहिलं उभं राहायचं.

पुस्तकाप्रमाणं एका बंबावर सहा माणसं पाहिजेत. एक हुकूम देणारा, एक गाडी आणि पंप सांभाळणारा, बाकीचे पाइप ओढायला, शिडी लावायला, आत शिरायला. आमच्या शिफ्टला चार जण हजर दिसले तरी आमचे ड्रायव्हर गफूरभाई डोळे चोळायचे. म्हणायचे, "आज किसी की शादी का वलीमा है क्या? इत्ते लोगां कैसे?"

माणूस निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी व्हायची. मग काही दिवसांनी दुसऱ्या विभागाचं कोणीतरी येऊन त्याची खुर्चीही उचलून न्यायचं. भरतीची फाइल वर गेलीय, हे मी मिशा काळ्या असताना ऐकलं होतं. मिशा पांढऱ्या झाल्या, फाइल काही खाली आली नाही. बहुधा तिलाही शिडी लागत असावी.

पैसा नसतो असं नाही. घरपट्टीत अग्निशमनाचा कर असतो, इमारतीला ना-हरकत देताना फी घेतात, वरून सरकारी अनुदान येतं. पण हा पैसा गाडीकडं लवकर जातो, माणसाकडं उशिरा. कारण उघड आहे. नव्या गाडीला हार घालता येतो, तिच्यापुढं नारळ फोडता येतो, फीत कापता येते. माणसाच्या गळ्यात हार पडायचा तर त्यानं आधी रिटायर तरी व्हावं नाहीतर मरावं तरी.

म्हणून मग कंत्राटी माणसं आली. एजन्सीकडून, काही महिन्यांच्या बोलीवर. आमच्यातले काही पक्के लोक त्यांच्याकडं जावयानं सासरच्या म्हशीकडं बघावं तसं बघायचे. मी बघितलं नाही, कारण मला पाइप ओढायला माणूस पाहिजे होता आणि आगीनं कोणाचं नेमणूकपत्र मागितल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्यातच वैशाली खरात आली. कन्नड तालुक्यातली, शेतकऱ्याची पोरगी, कॉलेजात कबड्डी खेळलेली. अग्निशमनाचा सहा महिन्यांचा कोर्स स्वतःच्या हिमतीवर करून आली होती. तिला कपडे बदलायला म्हणून साहेबांनी जुन्या पाइपांची खोली दिली आणि बूट दिले ते दोन नंबर मोठे. बुटात पुढं चिंध्या कोंबून ती परेडला यायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काका, ह्या बुटात अजून एक जण मावतोय. भरती करून टाका."

तिला शिकवायचं काम माझ्याकडं. आमचं शिक्षण म्हणजे रोज सकाळी तेच ते. पाइप अंथरायचा, जोडायचा, पळायचं, परत गुंडाळायचा. शिडी लावायची, चढायचं, उतरायचं. गाठी मारायच्या, सोडायच्या. आणि जखमी माणूस खांद्यावर टाकून न्यायचा. या शेवटच्या सरावात वर्षानुवर्षं आमच्याकडं एक सोय होती, सगळ्यात किडकिडीत माणूसच नेहमी जखमी व्हायचा. आमचा कैलास. पन्नास किलोचाही नसेल. हजारदा जखमी झाला असेल बिचारा.

वैशालीनं दुसऱ्या दिवशी कैलासला उचललं आणि ठेवून दिलं. म्हणाली, "आगीत काय बारीकच माणसं सापडत्यात का?" आणि गफूरभाईंकडं बघितलं. गफूरभाई म्हणजे गाडीची चाकं दबतील असा ऐवज. "ना बेटा, नक्को," म्हणत ते मागं सरकले. तिनं त्यांना खांद्यावर घेतलं, चार पावलं टाकली आणि दोघंही वाळूत पडले. तेव्हापासून रोज सकाळी एकदा ती गफूरभाईंना उचलायची. महिन्याभरानं ती त्यांना मैदानाच्या टोकापर्यंत न्यायला लागली. गफूरभाई तिच्या खांद्यावरून लोंबकळत येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचे.

आता त्या दिवसाचं सांगतो.

चौदा एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो आणि तिथून आठवडाभर सप्ताह. चौदा एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. माझ्या घरचे सगळे निळे फेटे बांधून मिरवणुकीत, आणि मी मिरवणुकीच्या कडेला बंब लावून ड्यूटीवर. सगळ्या नोकरीत एकदाही मला त्या गर्दीत नाचता आलं नाही. बायको जाता जाता डबा हातात द्यायची आणि डीजेच्या आवाजात काहीतरी ओरडायची. ते प्रेमाचं होतं की शिव्या होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी सप्ताहाचा समारोप आमच्या मैदानावर होता. चांगल्या चालणाऱ्या सगळ्या गाड्या धुऊन-पुसून रांगेत उभ्या. मांडव, खुर्च्या, प्रमुख पाहुणे. कार्यक्रमात परेड, मग बनावट आगीचा कॉल आणि त्यावर आमचं प्रात्यक्षिक. कैलास अर्थातच जखमी. डोक्याला पट्ट्या गुंडाळून, त्यावर लाल शाई ओतून तो सकाळपासून स्ट्रेचरवर पडला होता.

पाहुणे उशिरा आले, म्हणून साहेबांनी क्रम बदलला आणि शेवटचा प्रकार आधी घेतला. सगळ्या गाड्यांनी एकदम आकाशात फवारे सोडायचे, उन्हात इंद्रधनुष्य उमटतं. उमटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी मोबाइल काढेपर्यंत ते विरलं. पाहुणे म्हणाले, "परत एकदा होईल का?" साहेबांनी मान हलवली. परत झालं. तेव्हा पाहुण्यांच्या मोबाइलच्या आडवं कोणाचं तरी डोकं आलं. मग तिसऱ्यांदा झालं.

एप्रिलचा महिना. ज्या शहरात नळाला पाणी आलं की शेजारणी एकमेकींना फोन करून सांगतात, त्या शहरात आम्ही आभाळाला आंघोळ घालत होतो. मांडवाच्या कडेला उभी असलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ह्ये आमच्या गल्लीत सोडा की रं!" तिला कोणीतरी गप्प केलं.

मग भाषण सुरू झालं. आणि तेवढ्यात कंट्रोल रूममधला आमचा माणूस धावत आला. "पुंडलिकनगर! बिल्डिंगच्या पार्किंगला आग! वर माणसं अडकलीत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सूत्रसंचालकानं माइक ओढला. "आणि मंडळी, आता आपण पाहणार आहोत, आपले जवान किती तत्परतेनं..." साहेब हसतमुखानं पाहुण्यांच्या कानाला लागले. पाहुण्यांनी कौतुकानं घड्याळाकडं बघितलं. मी मात्र त्या कंट्रोलवाल्याच्या तोंडाकडं बघत होतो. बनावट कॉल देताना माणसाचे ओठ असे पांढरे पडत नाहीत.

"खरं?" मी विचारलं.

"आईशप्पथ," तो म्हणाला.

फाटकाजवळ आमचीच गाडी होती. मी पळालो, वैशाली पळाली, गफूरभाई आधीच चढले होते. बाकीची माणसं मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला परेडच्या रांगेत. तेवढ्यात स्ट्रेचरवरचा जखमी ताडकन उठला आणि पट्ट्या सांभाळत आमच्या मागं पळत सुटला. मांडवात हशा पिकला. कैलास चालत्या गाडीत चढला तेव्हा टाळ्या इतक्या झाल्या, की सायरनही नीट ऐकू आला नाही.

रस्त्याला लागल्यावर गफूरभाईंनी पाण्याच्या काट्याकडं बोट दाखवलं. "रोकडे, टाकी देख."

काटा तळाला.

"सब इंद्रधनुष में गया," गफूरभाई म्हणाले. पुढं त्यांनी जे म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

मी वायरलेसवर ओरडून मागच्या गाड्या भरून पाठवायला सांगितलं. पण गाडी भरायला वेळ लागतो, आणि त्या तर आमच्यापेक्षाही कोरड्या होत्या. मागं फिरावं तर वर माणसं अडकलेली. पुढं जावं तर पाण्यावाचून बंब म्हणजे नुसती घंटा वाजवत फिरणारी लाल खोली. मी गफूरभाईंना म्हटलं, चला पुढं. काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

पुंडलिकनगरात वळलो आणि पुढ्यातच पाण्याचा खाजगी टँकर उभा. चालकानं नुकतंच झाकण उघडलेलं, दोन्ही बाजूंनी ड्रम, हंडे, बादल्यांची रांग. गफूरभाईंनी गाडी त्याच्यासमोर अशी आडवी घातली की टँकरवाल्यानं दोन्ही हात वर केले.

"टँकर घेऊन चल आमच्यामागं," मी ओरडलो. "आग लागलीय."

रांगेतून एक बाई पुढं आली. पदर खोचलेला, हातात पाइप. पुढं तिचं नाव कळलं, मंदाताई. गल्लीची वर्गणी काढून टँकर तिनंच मागवला होता.

"कुठं घेऊन चालले आमचा टँकर?"

"ताई, पाणी पाहिजे. माणसं अडकलीत."

"आन् तुमच्या गाडीत काय हाय?"

मी टाकीवर थाप मारली, ती पोकळ वाजली.

"तुमच्याच गाडीला पाणी नाय? मग लाल कशाला रंगवली?" तिनं रांगेकडं वळून सांगितलं, "बघा गं! आत्ता मोबाइलवर फवारे उडवत व्हते ह्येच. समद्यांनी पाह्यलं ना?"

समद्यांनी पाह्यलं होतं. पाहुण्यांच्या कार्यकर्त्यांनी कार्यक्रम लाइव्ह दाखवला होता. एका बाईनं मला विचारलं, "इंद्रधनुष्य तुमीच काढलं का?" मी सगळ्या नोकरीत लई शिव्या खाल्ल्या, पण त्या प्रश्नासारखी लागली नाही एकही.

तेवढ्यात वैशालीनं गाडीतून उतरून नुसतं वर बोट केलं. घरांच्या मागून काळा धूर उठत होता. जाड, तेलकट, रबर जळाल्याचा. मंदाताईनं बघितलं आणि तिचा आवाजच बदलला.

"वकिलाच्या बिल्डिंगीतून निघतंय व्हय? अगं बाई! तिथं मी पोळ्या करायला जाते. तिसऱ्या मजल्यावर आजी एकटी असती. गुडघ्यानं तिला उठवत नाय." ती टँकरच्या पायरीवर चढली आणि चालकाच्या खांद्यावर थाप मारली. "चल रं! बघत काय बसला?"

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढं रिकामा बंब, मागं भरलेला टँकर, पायरीवर मंदाताई, आणि तिच्या मागं हंडे तिथंच टाकून पळणारी निम्मी गल्ली.

इमारत चार मजली. नाव सांगत नाही, कारण तिचे सेक्रेटरी वकील आहेत आणि अजून प्रॅक्टिस करतात. पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली एक स्कूटर पेटली होती आणि तिनं शेजारच्या गाड्या धरल्या होत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आग तर खालीच आहे, वरच्यांना काय भीती? भीती धुराची असते. पार्किंगमधून निघालेला जिना म्हणजे धुरासाठी बांधलेली चिमणीच. ज्वाळा तळमजल्यावर राहते आणि माणूस चौथ्या मजल्यावर गुदमरतो. लोक घाबरून खाली पळतात ते थेट त्या धुरात. वर पळतात त्यांना गच्चीचं दार लागतं. आणि गच्चीच्या दाराला आपल्याकडं कुलूप असतं, कारण पोरं पतंग उडवायला जातात.

पाण्याची जोडणी गफूरभाईंनी केली. टँकरच्या वरच्या झाकणातून आमचा जाड पाइप आत सोडला आणि पंपाला अशा शिव्या घातल्या की त्यानं लाजून पाणी ओढलं. कैलासनं पाइपाची पितळी तोटी, आमच्या भाषेत ब्रँच, हातात घेतली आणि पार्किंगकडं धावला. डोक्याला लाल पट्ट्या तशाच. तेवढ्यात पोचलेल्या अँब्युलन्सच्या दोघांनी त्याला धरलं आणि आडवं करायला लागले. "सोडा, ही शाई हाय!" कैलास ओरडत होता. त्यांना वाटलं, डोक्याला मार लागून बडबडतोय. शेवटी त्यानं पाण्याचा एक झोत त्यांच्यावरच सोडला, तेव्हा सुटला.

मी आणि वैशालीनं पाठीवर हवेच्या बाटल्या चढवल्या, तोंडावर मास्क. गाडीवर असे चालणारे संच दोनच होते. त्यामुळं कोण आत जाणार हा विचार करावा लागला नाही.

जिन्यात काहीच दिसत नव्हतं. काहीच म्हणजे स्वतःचा हातही नाही. एक हात भिंतीला, एक पुढच्याच्या पाठीला, आणि कानात फक्त आपलाच श्वास. वैशाली पुढं होती. नियमानं मी पुढं पाहिजे होतो, पण ती चढायलाही लागली होती. सगळ्यात वर, गच्चीच्या बंद दाराशी, एक बाई आणि तिची दोन मुलं एकमेकांना बिलगून बसलेली. मोठीचं खोकणंही थांबत आलं होतं. धूर जाऊन जाऊन साठतो तो तिथंच.

वैशालीनं कुऱ्हाडीचा पहिला घाव कुलपावर घातला. कुलूप दणकट. दुसरा घाव. मास्कमधून ती कुलपाला, ते लावणाऱ्याला आणि ते बनवणाऱ्याला जे काही बोलत होती ते कन्नड तालुक्यातलं अस्सल होतं. तिसऱ्या घावाला कोयंडाच उखडला. दार उघडलं, ऊन आत आलं, आणि ती बाई मुलांना ओढत गच्चीवर जाऊन पडली. मोठी परत खोकायला लागली, धाकट्यानं भोकाड पसरलं. आमच्या धंद्यात पोरगं रडलं की बरं वाटतं.

मग आम्ही परत खाली, तिसऱ्या मजल्यावर. दाराला आतून कडी. मी थाप मारली.

"कोण हाय?" आतून आवाज.

"फायर ब्रिगेड! दार उघडा!"

"मंदा येऊ दे, मग उघडते."

आम्ही दाराला पहार लावली. आतून आजी ओरडली, "अरं, सागवानी हाय ते!" दार फुटलं. आजी पलंगावर बसलेली, नाकाला पदर, आणि देहानं गफूरभाईंची सख्खी बहीण शोभेल अशी. खोलीत धूर छतापासून आमच्या डोक्यापर्यंत उतरला होता.

"चला आजी," मी मास्क जरा बाजूला करून म्हणालो, "आपल्याला वर जायचंय."

"वर जायची माझी येळ झाली नाय अजून," आजी म्हणाली.

"गच्चीवर हो!"

मी वाकून तिला उचलायला गेलो तर तिनं माझा हात झटकला. "परक्या गड्याच्या खांद्यावर मी नाय जायची. मेले तरी नाय." हे ती खरंच म्हणाली. खाली आग, दारात धूर, आणि ती पदर सारखा करत होती. मला हसू यावं की रडू, कळेना. आणि त्याच वेळी माझ्या पाठीवरची शिट्टी वाजायला लागली. हवा संपत आली की ती शिट्टी आपोआप वाजते.

"काका, तुम्ही निघा," वैशाली म्हणाली. "मी आणते हिला."

"तुझ्याच्यानं व्हायचं नाही एकटीला."

"निघा म्हणलं ना!"

सगळ्या नोकरीत एखाद्या कंत्राटीनं मला दिलेला हा पहिलाच हुकूम, आणि मी तो ऐकला. आजीला खांद्यावर घ्यायला ती खाली बसली. "आजी, मी पोरगी हाय. आता काय म्हणणं हाय?" आजीनं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि तिच्या गळ्यात हात घातले.

जिन्यात माझी हवा संपली. मास्क तोंडाला चिकटला, ओढूनही काही येईना. मी मास्क काढला आणि एक घोट धूर आत गेला. लोक भीतीचं विचारतात ना, ती तेव्हा वाटली. ती काही मोठी नसते. एक साधा विचार असतो, की आता इथंच बसावं, जरा वेळ, मग जाऊ. तो विचार इतका आरामाचा असतो की त्याचीच भीती वाटते. मागून वैशालीचं डोकं माझ्या पाठीला लागलं. ती आजीला घेऊन माझ्यावरच आदळली होती आणि डोक्यानं मला वर ढकलत होती. "चला. चला. चला." एवढंच. गच्चीवर आम्ही तिघंही एका ढिगात पडलो.

ऊन डोळ्यात गेलं तेव्हा दिसलं, वैशालीच्या एका पायात बूटच नव्हता. जिन्यात निसटला होता. खिडकीच्या फुटक्या काचांवरून ती तशीच चढली होती आणि टाचेतून रक्त वाहत होतं. आजीनं तो पाय बघितला, आपल्या पदराची किनार दातानं फाडली आणि बांधून दिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दाराचं काय करणार तुमी?"

खाली उतरलो तोवर आग विझली होती. पाहुणेही पोचले होते, कार्यक्रम अर्धाच राहिल्यानं तिथून थेट इकडं. त्यांनी कैलासला मिठी मारली, कारण सगळ्यात जास्त जखमी तोच दिसत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. सेक्रेटरी कोर्टातून आले आणि त्यांनी विचारलं की सोसायटीचं कुलूप तोडायची परवानगी कोणी दिली. मी उत्तर द्यायच्या आत मंदाताईनं दिलं. ते ऐकून ते पुन्हा कोर्टात गेले.

मग ती माझ्याकडं वळली. "आमचं पाणी?"

टँकर रिकामा झाला होता. मी म्हटलं, "देऊ."

"कधी?"

साहेबांना विचारलं असतं तर त्यांना वरती विचारावं लागलं असतं, आणि वर गेलेल्या गोष्टींचं काय होतं ते सांगितलंच आहे. दुसऱ्या सकाळी गफूरभाईंनी बंब काठोकाठ भरला आणि मंदाताईच्या गल्लीत नेला. आम्ही पाइप अंथरला आणि ओळीनं सगळे ड्रम भरून दिले, धुण्या-भांड्यासाठी. हे साहेबांच्या कानावर गेलंच. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"रोकडे, काल गाडी कुठं होती?"

"प्रात्यक्षिक होतं, साहेब. नागरिकांना पाइपाची माहिती दिली."

साहेबांनी हातातली फाइल मिटली. ते मनानं वाईट नव्हते. नोकरी आणि पाहुणे यांच्यामध्ये अडकलेला माणूस होते. "किती वेळा दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"एकदाच, साहेब."

"बरं. पुढच्या वर्षीपासून इंद्रधनुष्य बंद," ते म्हणाले. सगळ्या सप्ताहांतला एवढा एक निर्णय मला मनापासून पटला.

वैशालीच्या टाचेला टाके पडले. कंत्राटी असल्यानं रजा नव्हती, म्हणून ती खुर्चीवर बसून कंट्रोलचा फोन घ्यायची. तिचं काम कायम व्हावं म्हणून साहेबांनी शिफारस केली, मीही चार दारं झिजवली. सगळीकडं चहा मिळाला. कोणी नाही म्हणालं नाही, ही तिथली रीत. त्या काळात दुसऱ्या एका मोठ्या शहराच्या दलाची भरती निघाली. मीच तिला म्हटलं, अर्ज टाक. गफूरभाई माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग तेच तिला पळायच्या सरावासाठी पहाटे गारखेड्याच्या मैदानावर सोडायला लागले.

तिची निवड झाली. जाण्याच्या दिवशी तिनं शेवटचं गफूरभाईंना उचललं आणि मैदानाला एक पूर्ण चक्कर मारली. खाली उतरल्यावर गफूरभाई म्हणाले, "अब मेरेकू कौन उठाएगा?" आणि पंपाचं काहीतरी बघायचंय म्हणून गाडीमागं गेले. तिकडून बराच वेळ आले नाहीत.

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण रागही आला. तिचा नाही. वर्षभर घासून माणूस तयार करायचा आणि तो दुसऱ्याच्या ताटात वाढायचा, हा आमचा धर्मच झाला होता. तिच्या जागेवर एजन्सीनं कोणी पाठवलं नाही. विचारलं तर म्हणाले, कंत्राट संपलंय, नवं निघेपर्यंत थांबा.

एके दिवशी दुपारी आम्ही केंद्रात बसलो असताना तिचा फोन आला. आवाजात खुशी मावत नव्हती.

"काका, इथं लई मजा हाय. बूट माझ्या मापाचे दिले."

"वा."

"आन् गाडीवर सहा जण असत्यात काका. सहाच्या सहा! पहिल्या कॉलला तर मला काही करायलाच उरलं नाय. मी नुसती उभी. लाज वाटली."

"लाजू नको," मी म्हटलं. "सवय होईल."

"तुमच्याकडं किती हायती आता?"

मी आजूबाजूला बघितलं. कैलास पाइप वाळत घालत होता. गफूरभाई चहा फुंकत होते.

"आहोत की," मी म्हणालो. "पुष्कळ."

तेवढ्यात घंटा झाली. शहागंजात कापडाच्या गोदामातून धूर निघत होता. मी फोन खिशात टाकला आणि आम्ही तिघं पळालो.